बेलतेलातले पाय

१

गिटार गेली होती. पण तिचं कापडी कव्हर आकड्याला तसंच लटकत होतं. चेन खालपर्यंत उघडी आणि आत नुसती हवा. खाटकाकडे टांगलेल्या कातड्यासारखं दिसत होतं ते.

सरू दारातच थांबली. आपल्या खांब गावाहून पहिली एसटी पकडून ती पेणला आली होती आणि तिथून रिक्षाने जोह्याला. एका हातात नाचाच्या बुटांची पिशवी, दुसऱ्या हातात केरूसाठी आणलेले गरम वडे.

"केरू, गिटार खाली काढलीस काय?"

"मी कशाला काढू?" केरू शेडच्या मधोमध उभा होता, तोंड पांढरंफटक. "कुलूप मीच काढलं आत्ता. काकी झाडायला आत आली. मी सहज वर बघतो तर ह्ये असं. आईशप्पथ, सरू."

शेजारची हौसाकाकी झाडू छातीशी धरून उभी होती. "मी आपली दारापासनं वाट झाडीत गेले गो बाय. माजी मान खाली. वर कोन बघतंय?"

शेड केरूच्या काकांची, हैबतरावांची. गणपतीचा कारखाना. गणपती पोचवून झाले की पुढचं काम सुरू होईपर्यंत तो रिकामा असतो. भिंतीला साचे टेकवलेले, कोपऱ्यात प्लास्टरची पोती आणि जमिनीवर सगळीकडे पांढरी भुकटी. कितीही झाडा, तासाभरात पुन्हा बसते. अशा जागेत रोहा-पेणच्या चार माणसांनी फ्लामेंको नाचाचा क्लब काढला होता. स्पेनमधल्या नाचाचा. जोह्यातली पोरंटोरं त्याला ठोकाठोकी म्हणायची.

कुलूप धड होतं. खिडकीच्या जाळ्याही धड होत्या. म्हणजे चोर किल्लीनेच आत आला होता. आणि किल्ल्या तिघांकडे होत्या. एक केरूकडे, एक पेणच्या श्यामला मॅडमकडे आणि एक क्लब ज्याने काढला त्या रघुनाथकडे, म्हणजे रघूदादाकडे.

सरू फळीजवळ गेली. फळी म्हणजे नाचायचा लाकडी ओटा. वीतभर उंच, आतून पोकळ, मागून भिंतीच्या बाजूने उघडा. पोकळ असल्यामुळे टाच आपटली की तो ढोलासारखा घुमायचा. मंगळवारी मुंबईहून पाहुण्या येणार म्हणून काल संध्याकाळी सरूने पेणच्या रंगाच्या दुकानातून बेलतेल आणलं होतं, दारं-खिडक्यांना लावतात ते. तिने आणि केरूने मिळून फळी नवरीसारखी चमकवली होती. "रघूदादाला सांगू नको हां," सरू म्हणाली होती, "मंगळवारी एकदम बघू दे."

तेल अजून चिकट होतं. आणि त्या चिकट तेलात, बरोबर आकड्याच्या खाली, दोन पाय उमटले होते. अनवाणी.

सरूने हळूच मान वळवली. केरूच्या पायांकडे बघितलं. केरू आयुष्यात कधी या कारखान्यात चप्पल घालून आला नव्हता.

२

लॉकडाऊनच्या आधीची गोष्ट आहे ही.

रोह्याच्या एका कंपनीत मशीन बसवायला मातेओ नावाचा स्पॅनिश साहेब आला होता. संध्याकाळी तो गेस्ट हाउसच्या पायरीवर बसून गिटार वाजवायचा. बाकीचे लोक बघून हसायचे आणि पुढे जायचे. एकच माणूस थांबायचा. तो रघुनाथ, त्याच कंपनीतला उंच ऑपरेटर, रोह्याजवळच्या अष्टमी गावात राहणारा. तो साहेबाच्या पायाशी बसून शिकला आणि साहेब गेल्यावर मोबाइलवर बघून शिकला. बोटं फुटली तरी शिकत राहिला. साहेबाने जाताना गिटार दिली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, ही तुझी एकट्याची नाही, क्लब काढ, क्लबची.

मग रघूदादाने माणसं गोळा केली. पेणच्या शाळेतल्या श्यामला मॅडम कथक शिकलेल्या होत्या, त्या आल्या. जोह्याचा केरू, ज्याचा हात प्लास्टरच्या बादलीवरसुद्धा ठेक्यात पडायचा, तो आला. त्याला लाकडाचा खोका करून दिला, त्यावर बसून तो खोकाच बडवायचा. आणि एका गौरीच्या रात्री खांबला मित्राकडे जेवायला गेलेल्या रघूदादाने बायकांच्या फेरात सरूला बघितलं. ती रोह्याला झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. दुसऱ्याच दिवशी तो दुकानात हजर.

"काल तुझ्या पायाखालची जमीन बोलत होती," तो म्हणाला होता. "जमिनीऐवजी लाकूड देतो. येशील?"

असं तिच्याशी कोणी कधी बोललंच नव्हतं. गेली दोन वर्षं प्रत्येक रविवारी ती आली होती. घरचे बोलले, गाव हसलं, तरी आली. नाचाचा पहिला नियमही रघूदादानेच शिकवला होता. श्यामला मॅडम फळीला हात लावून नमस्कार करायच्या, चप्पल खाली काढायच्या. त्यावर तो खो खो हसायचा. "मॅडम, हे देऊळ नाही. फ्लामेंकोत बूट घालूनच चढायचं. पाया पडायचं नाही, पाय आपटायचे!" त्याच्या बुटांना अष्टमीच्या चांभाराने टाचेला खिळे मारून दिले होते. बाइकवर, कंपनीत, लग्नात, सगळीकडे तेच बूट.

आज गिटार गेल्यावर सरूने त्यालाच पहिला फोन लावला. "रघूदादा, गिटार गेली! आकड्याला नुसतं कव्हर हाय. फळीवर कोणाचेतरी पाय उमटलेत."

पलीकडे रघूदादाने घसा खाकरला. मग म्हणाला, "सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा झोपलो होतो गं. थांब, निघतो. आणि ऐक, फळीवर कोणीही चढायचं नाही. ओल्यात उमटलंय ना, ते तसंच राहू दे. तोच पुरावा आहे."

"व्हय," सरू म्हणाली, आणि तिला खरंच धीर आला. दादा येतोय.

रघूदादा आला तोपर्यंत हैबतरावही आले होते, धोतराचा सोगा हातात. सगळं ऐकून ते केरूवर फिरले. "मी आधीच सांगत होतो, ही थेरं नकोत. माज्या कारखान्यात चोरी? लोक उद्या म्हणतील, हैबतरावाकडे मूर्ती ठेवू नका!"

रघूदादा फळीच्या काठाशी वाकला, पाय बघितले आणि हळूच केरूकडे वळला. चेहरा असा की जणू त्यालाच लागलंय.

"केरू," तो म्हणाला, "मी पोलिसांत जाणार नाही. तू फक्त सांग, कुणाला विकलीस?"

३

केरू नुसती मान हलवत राहिला, नाही, नाही. हैबतरावांनी सांगून टाकलं, दिवेलागणीपर्यंत गिटार आली नाही तर मी स्वतः पुतण्याला घेऊन पेणच्या चौकीवर जाईन, आणि शेडला आजच कुलूप. रघूदादा म्हणाला, "मंगळवारचं मी विमलताईंना फोन करून रद्द करतो. दुसरं काय करणार."

विमलताई म्हणजे त्या मुंबईच्या पाहुण्या. त्यांच्या संस्थेने क्लबला जवळ केलं असतं तर मोठं स्टेज मिळालं असतं, शिकवायला माणसं आली असती.

"दिवेलागणीपर्यंत फोन नको करू दादा," सरू म्हणाली. "मी तपास काढते."

"तू?" तो हसला. नेहमीसारखंच हसला. "अगं, पाय समोर आहेत. अजून काय तपास?"

"माणूसच तपासायचाय ना. मग लोकांशी बोलू तरी दे."

ती पेणला गेली. श्यामला मॅडमच्या घरी पापड वाळत घातले होते. मॅडम ठेंगण्या, गोऱ्या, केस पांढरे होत आलेले. मागच्या रविवारी रघूदादाशी भांडून निघाल्या होत्या. जाताना म्हणाल्या होत्या, ही गिटार नसती तर आपण चारही जण समान असतो.

"माझ्यावर संशय आहे ना तुझा?" मॅडमनी चहा ठेवता ठेवता विचारलं.

"हाय," सरू म्हणाली.

"बरं झालं, स्पष्ट बोललीस. किल्ली बघ, त्या खुंटीला. काल दुपारपासून मी घराबाहेर पडलेली नाही, विचार शेजारी. आणि मी बोलले ते खरंच आहे. गिटार ज्याच्या हातात, क्लब त्याचा. तुला नाही कधी जाणवलं?"

"रघूदादा तसा नाय हो."

सरूने सकाळचं सगळं सांगितलं, तेलासकट. मॅडमनी चहा गाळला. बराच वेळ गाळत राहिल्या. "केरूला पकडलाय म्हणतेस? तो काल तेल लावायला होता ना तुझ्याबरोबर?"

"व्हय."

"म्हणजे फळी ओली आहे हे त्याला माहीत होतं. मग चोरी करायला तो त्याच ओल्या फळीवर पाय ठेवील? लहान मूलसुद्धा नाही ठेवायचं."

सरूच्या डोक्यात काहीतरी टचकन हललं. हे इतकं साधं, तिला सकाळी का सुचलं नाही? ज्याला तेल माहीत होतं तो चढला नसता. चढला तो न माहीत असलेला. आणि तेल फक्त दोघांना माहीत होतं.

"मॅडम, तुम्हाला होतं माहीत तेलाचं?"

"तू आत्ता सांगितलंस तेव्हा कळलं." मॅडमनी कप पुढे सरकवला. "आता एक मी विचारू? मंगळवारी त्या मुंबईच्या बाई येणार त्या नेमक्या कशासाठी?"

"क्लब बघायला."

"क्लब नाही गं." मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. "आपला व्हिडिओ त्यांना मी पाठवला होता. त्यांचा मला फोन आला होता, आणि रघुनाथलाही. त्यांना एकच माणूस हवंय. संस्थेत घेऊन शिकवायला, पुढे स्पेनला पाठवायला. त्या तुला बघायला येतायत, सरू. रघुनाथ म्हणाला, मीच तिला सांगतो." त्यांनी आवाज खाली आणला. "त्याने सांगितलं नाही?"

४

परतताना रिक्षात सरू कडेला बसली होती. बाहेर भातं कापून झालेली रानं, कौलांवर उन्हात ठेवलेले साचे. तिला काही दिसत नव्हतं.

सांगायला विसरला असेल. किंवा मंगळवारी एकदम सांगणार असेल, जसं मी तेलाचं लपवलं तसं. ती स्वतःलाच समजावत होती. दादा पहिला माणूस, ज्याने आपल्याला नाचताना बघितलं. बाकीच्यांनी नुसतं उड्या मारताना बघितलं.

कारखान्यात केरू पोत्यावर बसला होता. वडे तसेच. हैबतराव आणि रघूदादा बाहेर हौसाकाकीकडे चहा घेत होते.

"केरू, ऊठ. बेलतेल उरलंय ना डब्यात? त्या प्लायवूडच्या तुकड्याला फास."

"कशाला?"

"फास म्हणते ना."

केरूने फासलं. सरूने तो तुकडा फळीच्या शेजारी ठेवला. "आता दारापर्यंत जा. ये चालत. आणि चढ त्याच्यावर."

केरू आला, चढला, उतरला. दोघांनी खाली वाकून बघितलं.

प्लायवर दोन पांढरे पाय होते. रांगोळीच्या लक्ष्मीच्या पावलांसारखे स्वच्छ पांढरे. दारापासून फळीपर्यंत जमिनीवर जी भुकटी होती ती सगळी केरूच्या तळव्यांना चिकटून आली होती आणि तेलात बसली होती.

मग त्यांनी फळीवरच्या पायांकडे बघितलं. ते पाय स्वच्छ होते. तेलात नुसता दाब. भुकटीचा एक कण नाही.

"ह्यो मानूस अनवाणी चालत नाय आला," केरू पुटपुटला.

"नाय. बूट-चपला घालून फळीपर्यंत आला. इथे काढल्या आणि मग चढला." सरूने वर आकड्याकडे बोट केलं. "केरू, तू आकड्याखाली उभा राहा. वर नको, खालीच. हात वर कर. गिटार काढायची असती तर?"

केरूने हात वर केला. टाचा उचलल्या, पोटऱ्या ताणल्या. "मी रोज बांबूने काढतो, तुला माहितीय. फळीवर चढलो तरी चवड्यावर उभा राहिल्याशिवाय मला पोचणार नाय."

"मॅडमना?"

"मॅडमना शिडी लागंल."

फळीवरच्या पावलांना टाचा होत्या. पूर्ण, गोल, खोल दाबलेल्या टाचा. गिटार काढताना तो माणूस आरामात उभा होता. देवळातली घंटा वाजवावी तसा हात वर केला आणि झालं.

आता केरूच्याही डोळ्यात काहीतरी आलं. उंच माणूस. किल्लीवाला. कारखान्यात बूट घालून फिरणारा. तेल न माहीत असलेला.

"पन सरू," तो कुजबुजला, "तो तर बूट काढत नाय. श्यामला मॅडमनी काढले तर हसतो."

सरू वर बघत होती, रिकाम्या कव्हराकडे. गिटार बाहेर न्यायची असती तर माणूस कव्हरासकट नेतो. पट्टा खांद्यावर टाकला की झालं. उघडी गिटार घेऊन बाइकवर कोण जातं? कव्हर काढलं, म्हणजे गिटार कुठेतरी अरुंद जागी सरकवायची होती. जवळच.

आणि मग तिला सकाळचा फोन आठवला. शब्दन् शब्द. ती तेव्हा त्याच आवाजाने धीर धरून बसली होती.

५

दिवेलागणीला सगळे शेडमध्ये जमले. हैबतराव, हौसाकाकी, केरू, रघूदादा. श्यामला मॅडमही आल्या, सरूनेच बोलावलं होतं. हैबतरावांनी टोपी चढवली. "चल रे केरू. झालं तेवढं पुरे."

"काका, एक मिनिट." सरू खाली बसून बुटांचे पट्टे आवळत होती. "दादा, तुझे बूट कुठायत?"

रघूदादाच्या पायात रबरी चपला होत्या. "टाच लावायला दिलेत. का?"

"उगाच." ती उठली आणि सरळ फळीकडे चालायला लागली.

"सरू!" रघूदादा ओरडला. असा तो कधीच ओरडला नव्हता. "वर चढू नको! पुरावा आहे तो!"

ती चढली. पावलं सोडून मधोमध उभी राहिली. पदर खोचला. एक श्वास घेतला आणि उजवी टाच आपटली.

फळी घुमली नाही. ठप्प वाजली. उशी ठेवलेल्या ढोलासारखी. दोन वर्षं त्या फळीचा आवाज तिच्या हाडात बसला होता. हा आवाज तिचा नव्हता.

तिने पुन्हा आपटली. जोरात. आणि थांबली.

शेड एकदम गप्प झाली होती म्हणून ऐकू आलं. फळीच्या खालून, मागच्या भिंतीकडून, अगदी बारीक, मधमाशी डब्यात कोंडल्यासारखं काहीतरी गुणगुणलं. तारा होत्या त्या.

"अगो बाय," हौसाकाकी म्हणाली, "खाली कोनतरी रडतंय."

केरू मागे धावला, जमिनीवर आडवा झाला, भिंत आणि फळीच्या मधल्या फटीत हात घातला. गिटार बाहेर आली. अंगाला भुकटी लागलेली, पण धड. हैबतरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आता सांगते," सरू म्हणाली. फळीवरूनच. "केरू चोर नाय. केरूचे पाय पांढरे उमटतात, तो प्लाय बघा तिथे. हे पाय कोरे हायेत. चोर बूट घालून आला. टाचा बघा. उंच हाय. केरू नाय, मॅडम नाय. कव्हर ठेवून गेला कारण गिटार ह्या फटीत सरकवायची होती. नंतर कधीतरी न्यायची, नायतर सापडली म्हणून सांगायची. म्हणूनच फळीवर कोणाला चढू द्यायचं नव्हतं."

"सरू, तू काय बोलतेयस कळतंय का?" रघूदादा म्हणाला.

"कळतंय. सकाळी मी फोनवर तुला सांगितलं, फळीवर पाय उमटलेत. तू म्हणालास, ओल्यात उमटलंय. तेल लावलेलं मला आणि केरूलाच माहीत होतं, दादा. मी तुझ्यासाठी लपवलं होतं ते. तुला कसं कळलं ओलं होतं?"

सरूने त्याच्या पायांकडे बोट दाखवलं.

"आणि बूट चांभाराकडे असतील तर आत्ता जाऊ अष्टमीला. आतून हात घालून बघू. तेलकट पाय घातलेत तू त्यात. बेलतेलाचा वास जात नाय."

रघूदादाने खाली स्वतःच्या चपलांकडे बघितलं, आणि तेवढ्यात सगळ्यांना सगळं कळलं.

६

हैबतरावांनी केरूच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर गेले. म्हाताऱ्या माणसाला माफी मागायला शब्द सापडत नाहीत तेव्हा तो असंच करतो. हौसाकाकी वडे गरम करायला घेऊन गेली.

रघूदादा पोत्यावर बसला होता, सकाळी केरू बसला होता त्याच जागी.

"क्लब माझा होता," तो म्हणाला. आवाज सपाट. "माझी बोटं फुटली. मी माणसं आणली. मी तुला फेरातून उचलून आणलं. आणि ती बाई फोनवर मला काय म्हणते? गिटार वाजवणारा कोणी दुसरा चालेल, ती मुलगी मात्र हवी." तो हसला, पण ते हसू नव्हतं. "मला फक्त मंगळवार जायला हवा होता. एवढंच. गिटार मी परत टांगणारच होतो."

"आणि केरूला?" सरूने विचारलं.

"तो सुटला असता."

"सुटला असता," सरू म्हणाली. "चोर म्हणून सुटला असता."

केरू दाराशी बसून होता, पाठ करून. त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही. सरूला वाटलं होतं तिला राग येईल, ती ओरडेल. पण तिला आठवत होतं झेरॉक्सचं दुकान, आणि काउंटरपलीकडे उभा असलेला उंच माणूस, तुझ्या पायाखालची जमीन बोलत होती म्हणणारा. ते खोटं नव्हतं. तेच जास्त लागत होतं. खोटं असतं तर बरं झालं असतं.

"एक सांग दादा. चढताना बूट का काढलेस? खिळ्यांचा आवाज होईल म्हणून?"

त्याने फळीकडे बघितलं.

"आवाजाचं डोक्यातही नव्हतं," तो म्हणाला. "तुम्ही कोणी नसता तेव्हा मी नेहमीच काढतो. पहिल्या दिवसापासून. बूट काढतो, हात लावतो, मग चढतो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "लहानपणी वडिलांनी भजनाच्या जागी चप्पल घालून गेलो म्हणून कानफाटात मारली होती. ते अंगातून जातच नाही."

श्यामला मॅडम चटकन दुसरीकडे बघायला लागल्या.

"म्हणजे फळीची लाज होती तुला," सरू म्हणाली. "आमचीच नव्हती."

त्याने किल्ली काढली आणि फळीच्या काठावर ठेवली. बाइकचा आवाज हमरापूरच्या रस्त्याने लांब लांब जात राहिला. कोणीही त्याला थांब म्हटलं नाही.

सोमवारी केरू पॉलिश पेपर घेऊन आला. तेल सुकत आलं होतं, पावलं कडक व्हायला लागली होती. "घासून टाकतो," तो म्हणाला. "मला ते बघवत नाय."

"राहू दे."

"कशाला गो?"

"राहू दे म्हणते ना."

"आणि गिटार कोन वाजवणार उद्या?"

सरूने वर बघितलं. गिटार कव्हरात घालून पुन्हा आकड्याला टांगली होती. "कोणी नाय. त्यानेच शिकवलंय ना आपल्याला, ह्या नाचातली सगळ्यात जुनी गाणी गिटारीशिवाय असतात. लोहाराच्या ऐरणीवर म्हणायचे. तू खोका बडव. मॅडम टाळ्या देतील. मी हाय."

मंगळवारी विमलताई आल्या. सुती साडी, गळ्यात चष्मा, बरोबर ड्रायव्हर. साचे बघितले, पोती बघितली, हौसाकाकीचा चहा घेतला. मग फळीजवळ येऊन थांबल्या. लाकूड आरशासारखं चमकत होतं आणि त्यात आकड्याखाली दोन पाय, टाचेपासून अंगठ्यापर्यंत स्पष्ट.

"हे काय? मुद्दाम केलंय का तुम्ही?" त्यांनी कौतुकाने विचारलं. "पादुकांसारखे दिसतायत."

केरूने मान खाली घातली. श्यामला मॅडमनी सरूकडे बघितलं.

"आमच्या गुरूंचे पाय आहेत," सरू म्हणाली.

विमलताईंनी नकळत हात जोडले. श्यामला मॅडमनी आज पहिल्यांदाच चप्पल काढली नाही. केरू खोक्यावर बसला, त्याने एकच थाप दिली.

सरूने बुटांचे पट्टे आवळले, त्या पावलांच्या बरोबर मधे टाच ठेवली आणि आपटली. फळी घुमली.